चिंचेनं घासलेली पळी

कुंदाकाकू आठल्यांच्या आयुष्यात मासा दोनच ठिकाणी होता: धाकट्या बहिणीच्या राशीत आणि नवऱ्याच्या डोक्यात. स्वयंपाकघरात तो कधी आला नाही, येऊ दिलाही गेला नाही. माशांचं म्हणून जे काही सामान वासुदेवकाकांनी जमवलं, ते सगळं तळघरात, हिवाळी टायर आणि सुटकेसच्या शेजारी. तिथून वर यायला त्याला परवानगी नव्हती.

मी त्यांच्या घराच्या माळ्यावर भाड्यानं राहतो. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये घर मिळणं हे नोकरी मिळण्यापेक्षा अवघड, आणि मला ते मिळालं याचं कारण काकूंनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता: भाकरी येते का. मी मंगळवेढ्याचा. पुढच्या सगळ्या कागदांवर त्यांनी न वाचताच सही केली.

काकू मिरजेच्या. लग्न होऊन इथे आल्या, जर्मन शिकल्या आणि स्टेशनजवळच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात निवृत्त होईपर्यंत शिवण केलं. अर्ध्या एर्लांगेनच्या पँटी आपण आखूड केल्या असं त्या सांगतात. गावातल्या उरलेल्या पँटी पाहिल्या की त्यांच्यावर विश्वास बसतो. काका इंजिनियर, विजेच्या मोठ्या कंपनीत जन्म गेला. तिथल्याच त्सोएल्नर नावाच्या मित्रानं त्यांना एका रविवारी नदीवर नेलं आणि घरी परत पाठवलं ते दुसरंच माणूस. काकांनी परीक्षा दिली, जन्मभराचा परवाना काढला. मासा मात्र तोंडाला लावला नाही. मापात बसलेला मासा परत पाण्यात सोडायला इथे परवानगी नाही, म्हणून तो त्सोएल्नरांच्या घरी जायचा आणि त्यांच्या बायकोच्या तव्यात पडायचा.

"खायचं नाही, विकायचं नाही, मग त्या जिवाला त्रास कशाला?" काकू विचारायच्या.

काकांचं उत्तर ठरलेलं. तो काय विचार करतो ते शोधायचं असतं. त्यावर काकू म्हणायच्या, घरात एक बाई काय विचार करते ते आधी शोधा.

हे भांडण मी पहिल्याच आठवड्यात जिन्यातून ऐकलं आणि मला घरच्यासारखं वाटलं. ती दोघं कशावरही भांडायची. खिडकी किती वेळ उघडी ठेवायची, दह्याच्या डब्याचं झाकण कोणत्या कचऱ्यात जातं, हीटर तीनवर की अडीचवर. काकांचा आवाज खर्जातला, काकूंचा शिवणयंत्रासारखा, न थांबता एका रेषेत जाणारा. जुगलबंदी रंगली की मी वर टीव्ही बंद करायचो.

गेल्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि काकांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. पाय महिन्या-दोन महिन्यांत बऱ्यापैकी चालायला लागला, उजवा हात थोडा मागे राहिला, आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं, डोळे जागे होते, पण तोंडातून शब्द म्हणून एकच यायचा: गेनाऊ. म्हणजे बरोबर, अगदी तसंच. जर्मन माणूस दिवसातून जितक्या वेळा श्वास घेतो तितक्या वेळा गेनाऊ म्हणतो, तोच नेमका काकांच्या डोक्यात अडकून बसला. सगळी मराठी गेली, सगळं इंजिनियरिंग गेलं आणि उरला हा.

चहा हवा का? गेनाऊ. नको का? गेनाऊ. ड्रेस्डेनहून मुलगी शिवांगी फोनवर विचारायची, बाबा बरं वाटतंय ना, गेनाऊ. म्हणजे जे इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं ते घडलं. काकूंच्या प्रत्येक म्हणण्याला काका होकार देऊ लागले. मी एकदा गंमत करायला गेलो, काकू, आता तुमचंच राज्य. त्या भाकरी थापत होत्या. थांबल्या.

"नागेश, बोलणारा नवरा नसला तरी चालेल मला," त्या म्हणाल्या. "भांडणारा हवाय रे."

आणि पुन्हा थापायला लागल्या. ती भाकरी जरा जास्तच पातळ झाली.

आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार करणाऱ्या लिंडनरबाई घरी यायच्या. तरुण, उत्साही, पायात रंगीत मोजे. त्या चित्रांचे पत्ते मांडायच्या: कप, चमचा, सफरचंद, कुत्रा. काका चित्राकडे पाहायचे, मग लिंडनरबाईंकडे, आणि ज्या माणसानं अख्खी टर्बाइनं उभी केली त्याला सफरचंद दाखवल्याचा अपमान चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचा. मराठीतून विचारून पाहिलं, तेही झालं नाही. शेवटी लिंडनरबाईंनी काकूंना सांगितलं, चित्रं राहू द्या. ह्यांना मनापासून काय आवडतं? हातात घेतलेल्या आवडत्या वस्तूला कधीकधी शब्द चिकटलेला असतो.

काकूंनी बराच विचार केला. मग चपला घालून तळघरात गेल्या.

माशांच्या सामानाची पेटी वर आली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, हात लांब धरून, बाळाचा लंगोट नेतात तशी. जेवणाच्या टेबलावर प्लास्टिक अंथरलं. झाकण उघडलं आणि आतली आमिषं बघून काकूंच्या तोंडून निघालं, "अगो बाई, हे तर दागिने आहेत."

खरंच तसं दिसत होतं. पितळी, तांब्याची, चंदेरी पानं, लाल मणी, मोरपंखी रंगाचे छोटे मासे, रबराच्या शेपट्या. सगळ्यांना गळ लावलेले. पण कशाला काय म्हणतात ते काकूंना ठाऊक नव्हतं. हातात देऊन विचारायचं तर विचारणाऱ्याला तरी उत्तर यायला हवं. काकांना विचारून उपयोग नव्हता. काकूंनी एक पितळी पान उचलून विचारलं, हे मासे पकडायचं का? गेनाऊ. हा फ्लॉवर आहे का? गेनाऊ.

मग त्सोएल्नर आले. सत्तरीचे, बोटं गाजरासारखी, बोली अशी की मला त्यातलं निम्मं कळतं आणि काकूंना सगळं. चिवड्याची वाटी पुढे ठेवल्यावर त्यांनी एकेक गोष्ट उचलून सांगायला सुरुवात केली. हा ब्लिंकर, वाकवलेलं पान, पाण्यात सोडलेल्या चमच्यासारखा डुलत जातो. हा स्पिनर, ह्याचं पान दांड्याभोवती गरगर फिरतं. हा वोब्लर, कडक अंगाचा खोटा मासा, तोंडापुढे पारदर्शक जीभ. हा रबरी मासा, शिशाचं डोकं आणि थरथरणारी शेपटी, तळाशी उड्या मारत न्यायचा. आणि हे सगळं मुख्यतः बार्शसाठी. बार्श म्हणजे इथला पट्टेरी मासा, हिरवट अंग, लाल पर, पाठीवर काटेरी पंखा, आणि स्वभावानं उत्सुक. भुकेपेक्षा कुतूहलानं जास्त फसतो.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा," काकू म्हणाल्या. काका गेनाऊ म्हणाले.

काकूंना तोंडी सांगितलेलं पटत नाही. कापड अंगावर टाकून बघितल्याशिवाय त्यांनी कधी माप घेतलं नाही. त्यांनी पक्कड मागवली, गळ सोडवले, शिवणाचा जाड दोरा ओवला आणि न्हाणीघरातला टब भरला. मी, त्सोएल्नर आणि काकू टबाच्या कडेला गुडघे टेकून, काका दारात प्लास्टिकच्या स्टुलावर. त्सोएल्नरांना आयुष्यात कुणी स्वतःच्या टबात मासेमारी शिकवायला लावली नसावी, पण चिवडा खाल्ला होता, बोलणार काय.

ब्लिंकर ओढला. डावीकडे, उजवीकडे, आळसावल्यासारखा डुलत आला, मधूनच चमकला. काकू म्हणाल्या, ही पळी आहे. संध्येची पळी, सासऱ्यांच्या हातात असायची तशी. स्पिनर ओढला, पान भिरभिरलं. ही भिंगरी. वोब्लर ओढला तर तो ढुंगण हलवत खाली बुडी मारायला लागला. त्सोएल्नरांनी सांगितलं, पुढची जीभ जेवढी लांब तेवढा तो खोल जातो. काकूंनी ती जीभ निरखून पाहिली.

"ही चोंबडी," त्या म्हणाल्या. "जेवढी जीभ लांब तेवढी खोलात शिरणार. आमच्या मिरजेच्या गल्लीत अशा दोघी होत्या."

रबरी किड्याला शेवई असं नाव पडलं, कारण खरा शब्द त्या टेबलावर काय, टबातसुद्धा उच्चारणार नव्हत्या. पाण्यावर बुडबुड करत येणारं, तोंडाला खळगा असलेलं एक होतं, ते गुळण्या. काकू दोरा भराभर ओढत होत्या. तेवढ्यात दारातून काकांचा डावा हात वर आला आणि हवेत हळूच खाली दाबला गेला. सावकाश. काकूंनी वेग कमी केला. हात पुन्हा हलला, आता थांब. पळी टबाच्या तळाकडे गिरकी घेत गेली. आता ओढ. शब्द एकही नव्हता, पण त्या दिवशी त्या न्हाणीघरात काका बोलत होते आणि काकू ऐकत होत्या. त्यांच्या घरात हा प्रकार नवीनच.

आमिषांना काकूंनी घरात जागा दिली, ती मिसळणाच्या जुन्या डब्यात. हळद, तिखट, मोहरी वगैरेंची बदली नव्या डब्यात झाली आणि जुन्याच्या वाट्यांमध्ये पळ्या, भिंगऱ्या, चोंबड्या आणि शेवया बसल्या. त्सोएल्नरांनी बजावलं की रबरी आणि कडक प्लास्टिक एकत्र ठेवू नका, रबर वितळून दोन्ही चिकटतात. काकू म्हणाल्या, स्टीलच्या वाटीला वाटी चिकटत नाही, म्हणून तर आम्ही मसाले असे ठेवतो. रोज दुपारी डबा उघडून त्या काकांच्या हातात एकेक द्यायच्या. ही काय? काका ती वस्तू बोटांत फिरवायचे, प्रेमानं, आणि म्हणायचे, गेनाऊ. हिवाळा असाच गेला. लिंडनरबाई म्हणायच्या, धीर धरा. काकू म्हणायच्या, धीरच धरते आहे, दुसरं धरायला काय आहे.

गुढीपाडवा आला. आदल्या दिवशी काकूंनी गुढीचा तांब्या, समई आणि देवांची उपकरणी चिंच-मीठ लावून घासायला काढली. ओट्यावर सगळं पितळ मांडलेलं, आणि शेजारी डबा. आता पितळ म्हटल्यावर पितळ. डब्यातल्या पळ्या-भिंगऱ्या तर पार काळपट झालेल्या. काकूंच्या हाताला ते बघवेना. त्यांनी गळ काढून त्यांनाही चिंचेत बुडवलं, घासलं, कोमट पाण्यानं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. पाडव्याला सकाळी, बाल्कनीत गुढी उभी राहिल्यावर, त्यांनी डबा काकांसमोर ठेवला आणि झाकण काढलं. आतून ऊन पडल्यासारखं झालं.

मी तेव्हा वर दात घासत होतो. खालून आवाज आला. खर्जातला.

"अगं, वाट लावलीस."

माझा ब्रश तोंडातच राहिला. मग काकूंची हाक, जिन्यातून: "नागेश, खाली ये. काका मला ओरडले."

मी फेसासकट खाली गेलो. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या, रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाही माहीत नसावं. काका पळी हातात धरून, कपाळाला आठ्या, ओठ हलत होते, आणखी काहीतरी वाईट शोधत असावेत. काकू त्यांच्यापुढे जाऊन बसल्या.

"अहो, आणखी ओरडा की," त्या म्हणाल्या. "थांबलात का?"

काकांनी तोंड उघडलं, कष्ट केले, घाम फुटला. "गेनाऊ," ते म्हणाले, आणि स्वतःच इतके वैतागले की पळी टेबलावर आपटली.

लिंडनरबाईंना आम्ही सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. राग, शिवी, देवाचं नाव, गाणं, ही मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात म्हणाल्या. वाट उघडली आहे, तिच्यावरून आणखी काय चालत येतं बघू. आणि घासल्यामुळे राग का आला, तो खुलासा त्सोएल्नरांनी केला. काकांनी त्या पळ्या वर्षानुवर्षं जाणूनबुजून काळपट होऊ दिल्या होत्या. इथलं पाणी बहुतेक दिवस नितळ. नितळ पाण्यात फार चकाकणारं काही आलं की मोठा, शहाणा बार्श संशय घेऊन मागे फिरतो. मंद, जुनाट झळाळीच लागते. ती यायला दहा वर्षं जातात, आणि काकूंनी ती एका संध्याकाळी चिंचेनं उतरवली.

काकूंना वाईट वाटलं. पण मी त्यांना त्या रात्री पळ्यांच्या वाटीला हळदीकुंकू लावताना पाहिलं, तेव्हा फार वाईट वाटलं नसावं.

त्यानंतर शब्द आले. रांगेत नाही, लग्नाला पाहुणे येतात तसे, एखादा चुकून आधी, चार एकदम, मग दोन दिवस कुणीच नाही. "मीठ." "बंद कर." "कुठंय." एकदा शिवांगीच्या फोनवर "जेवलीस?" आणि पलीकडून मुलीनं विचारलं, बाबा, तुम्हीच ना, तर काका म्हणाले गेनाऊ. लिंडनरबाईंनी डब्यातून स्पिनर उचलून विचारलं, हे काय? त्यांची अपेक्षा अर्थात स्पिनर. काकांनी तीस वर्षं तो शब्द वापरलेला. त्यांनी पानावर फुंकर मारून ते फिरवलं आणि म्हणाले, "भिंगरी."

लिंडनरबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या, बाहेर काही नव्हतं. लिंडनरबाईंनी वहीत भिंगरी लिहून घेतलं, त्यांच्या पद्धतीनं, आणि पुढच्या वेळेपासून त्याही भिंगरी म्हणू लागल्या. पळी, चोंबडी, शेवई. जर्मन नावं आली नाहीत. टबाच्या काठावर एका दुपारी ठेवलेली नावं तेवढी आली.

वसंतात माशांची विणीची वेळ असते, तेव्हा नदीवर असली आमिषं टाकायला बंदी. ती उठली आणि जूनमधल्या एका शनिवारी आम्ही रेग्निट्झच्या काठावर गेलो. परवाना काकांचा, म्हणून गळ टाकायचा तो त्यांनीच, डाव्या हातानं. काकूंनी मात्र मिसळणाचा डबा मांडीवर घेतला होता. पाण्याजवळ त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. खाली सतरंजी, डोक्याला स्कार्फ, पिशवीत दशम्या. सहलीला आलेल्या वाटत होत्या, फक्त मांडीवर गळ होते.

काकांनी पाण्याकडे पाहिलं. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता आणि नदी चहासारखी गढूळ वाहत होती. त्सोएल्नर मान हलवून म्हणाले, आज कठीण, आज त्यांना काही दिसणार नाही. काकूंनी विचारलं, अहो, काय देऊ? काकांचे ओठ हलले. काकूंनी घाई करून एक काळपट भिंगरी पुढे केली. ती डब्याच्या तळाशी राहून चिंचेतून वाचली होती, आणि पाडव्यापासून काकू ती पश्चात्तापासारखी जपत होत्या.

"नाही," काका म्हणाले. मग थांबले. आम्ही तिघंही थांबलो. त्सोएल्नरांनी टोपी काढली, का कोण जाणे.

"पळी," काका म्हणाले. "लख्ख. तुझी."

काकूंना क्षणभर कळलं नाही. मला आधी कळलं, कारण त्सोएल्नरांनी पाडव्यानंतर सांगितलेलं माझ्याही डोक्यात होतं. नितळ पाण्यात मंद हवं. गढूळ पाण्यात मात्र बार्शला दुरून दिसेल असं, चिंचेनं घासलेलं, देवघरासारखं चकाकणारं पितळच लागतं. काकूंनी वाटीतून पळी उचलली. काढून ठेवलेला गळ त्यांनी स्वतःच परत लावला होता, हूक शिवतात तसा टाके मोजून. दोरीला गाठ मारली. दातानं दोरी तोडली. गाठ काकांनी बोटानं ओढून तपासली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे चांगली होती.

डाव्या हातानं फेक जवळच पडली. दुसरी थोडी पुढे. उजव्या कोपराला आधार म्हणून काकू त्यांच्या अंगाला लागून उभ्या होत्या, दोघांनी मिळून एकच बाही घातल्यासारख्या. पळी पाण्याखाली दिसत नव्हती, पण मधूनच तपकिरी पाण्यात खोलवर एक पिवळी ठिणगी पेटायची आणि विझायची. सावकाश, काका पुटपुटत होते. सावकाश. थांब.

आणि दांडी वाकली.

ते किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. काका चाक फिरवत होते, दोरी ताठ, पाण्यावर लाल पराची एक झलक वर आली आणि गेली. काठाशी आल्यावर तो दिसला, पट्टेरी, पाठीचा पंखा फुलवलेला, चांगला हातभर. त्याला बघून काकूंच्या तोंडून "अरे देवा, केवढा आहे हा" असं काहीतरी निघालं आणि त्यांनी काकांचं कोपर धरून मागे ओढलं. दोरी एकदम सैल पडली. पळी हवेत उडाली, उन्हात लखकन चमकली आणि काठाच्या गवतात येऊन पडली. मासा नव्हता.

नदी वाहत राहिली. त्सोएल्नरांनी टोपी घातली. काका काकूंकडे वळले, त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि मला वाटलं आता तो एकच शब्द येणार.

"घाई," ते म्हणाले. श्वास घेतला. "कुंदे, तुझी... नेहमीची घाई. ऐकत नाहीस. कधीच... ऐकत नाहीस."

इतकं लांब वाक्य ते पानगळीपासून बोलले नव्हते. काकूंनी गवतातून पळी उचलली, पदरानं पुसली, गळाचं टोक बोटानं तपासलं आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या.